आईची गवंती

मंडळी, रसायनशास्त्रातल्या डॉक्टरने सुईदोऱ्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण आईला मुलगी नाही, आमच्या सौ. हॉस्पिटलच्या पाळ्यांत अडकलेल्या, आणि आई जुबैलला आली आहे ती व्हिजिट व्हिसावर. तेव्हा कशिदा शिकायला घरात उरलो मी.

आई बेळगावची. तिकडे आणि धारवाडकडे इरकली लुगड्यांवर जो कशिदा काढतात, ज्याला कानडीत कसूती म्हणतात, त्यात कापडावर नक्षी आखत नाहीत. कापडाचे धागे मोजून टाके घालायचे. गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, सारे मोजणीतून उभे राहते. टाके चारच: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. शिकायचा पहिला गवंती. कानडीत गंटु म्हणजे गाठ, त्यावरून हे नाव. आणि गंमत म्हणजे यात दोऱ्याला गाठ मारायचीच नाही!

मॅटीच्या कापडावर चार धागे वर, चार धागे खाली असा साधा धावदोरा घालत जायचे. ओळ संपली की त्याच वाटेने परत फिरून रिकाम्या जागा भरायच्या. कापडाची उलट-सुलट सारखीच दिसते. मध्ये फांदी लागली तर तिच्या टोकापर्यंत जाऊन मूळ वाटेवर परत यायचे. टाका आडवा, उभा किंवा तिरपा; गोलाईला वाव नाही. बेंझिनचा षट्कोन यात चेपूनच बसतो. आईने त्याला 'पोचे आलेलं ताट' म्हटले.

खालच्या मजल्यावरच्या पॅलेस्टिनी आजींचा भरलेला झगा पाहून आई उद्गारली, "अगं बाई, ही तर मेंथी!" मेंथी म्हणजे फुलीचा टाका. त्यांच्याकडे या भरतकामाला ततरीझ म्हणतात. २०२१ साली ते युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. दोघींनी आधी कापड उलटून मागची बाजू तपासली.

आजीची काळी चंद्रकळा आता घड्यांवर फाटते आहे. तिच्यावरची पालखी कागदावर कुणीच उतरवली नाही, ती आईच्या बोटांत आहे. आणि मोतीबिंदूमुळे काळ्यावरचे धागे आईला मोजता येत नाहीत. ती डोळे मिटून सांगते, "चार वर, चार खाली, आता उजवीकडे तिरपा." मी टाका घालतो, मग ग्राफ पेपरवर मांडतो. दांडा झाला, झालर अर्धी झाली आहे. भोई अजून राहिलेत.

मॅटी, बोथट सुया आणि दोरे माझ्याकडे जादा आहेत. ज्यांना शिकायचे त्यांनी शुक्रवारी दुपारच्या चहाला जरूर यावे; पुरुषांनीही. आई जाईपर्यंत पाच शुक्रवार आहेत.