डाव्या हाताची कैफियत

एखाद्या अवयवाविषयी लोकमत आयुष्यात दोनदा पालटावे आणि दोन्ही वेळा ते अवास्तवच निघावे, असा योग माझ्या डाव्या हाताच्या वाट्याला आला.

रत्नागिरीस मांडवीच्या बंदरासमोर मुंबईच्या आगबोटी नांगर टाकीत आणि उतारू पडावांतून धक्क्यास लागत, त्या काळी डावरेपण हे वैगुण्य समजले जाई. जेवताना आजी तो हात मांडीखाली दाबून ठेवायला लावी, तीर्थासाठी तो पुढे आला तर भटजी पळी आखडती घेत, आणि शाळेत त्याच्या अपराधाची छडीही त्याच्याच तळव्यावर बसे. अखेर लेखनाचे खाते उजव्या हाताकडे वर्ग झाले. कोयती, चेंडू आणि वल्हे मात्र मूळ मालकाच्याच कब्जात राहिली.

या जाचाला सोवळ्याखेरीज दुसरेही एक कारण होते. आपली बाळबोध लिपी डावीकडून उजवीकडे जाते. डाव्या हातातला टाक ओढला न जाता ढकलला जातो, निबाचे टोक कागदात रुतून शाईचे शिंतोडे उडतात, आणि टाकामागून येणारी तळव्याची कड ओली ओळ फरफटत नेते. दोष दौत-टाकाच्या बंदोबस्ताचा होता; ठपका हातावर आला. पुढे कचेरीत मी दफ्तरे उजव्या हाताने लिहिली आणि रुमालाच्या गाठी डाव्याने मारल्या.

पेन्शन घेतल्यावर वारे फिरलेले दिसले. अपस्मारावरील उपाय म्हणून ज्यांच्या मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा सेतू छेदला होता, अशा रुग्णांवरील प्रयोगांसाठी रॉजर स्पेरी यांना 1981 साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यावरून लोकांनी डावा गोलार्ध हिशेबनीस आणि उजवा कवी ठरवला, आणि उजव्याचा अंमल डाव्या हातावर चालतो म्हणून डावरे तेवढे प्रतिभावंत, असा निवाडाही देऊन टाकला. नातवंडे सचिन तेंडुलकरच्या डाव्या हाताच्या सहीचा दाखला देत. त्याची फलंदाजी उजव्या हाताची, हे सोयीस्करपणे गाळीत.

वस्तुतः 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांना वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत जिथे इजा आढळली, त्या डाव्या बाजूसच सुमारे 70 टक्के डावऱ्यांचेही भाषेचे ठाणे असते. 2013 साली यूटा विद्यापीठातील संशोधकांनी हजाराहून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा एकाच गोलार्धाच्या सत्तेखाली नांदणारी माणसे त्यांना आढळली नाहीत. आणि बुद्धिमापनात डावऱ्या-उजव्यांतले सरासरी अंतर नगण्यच भरते.

विरळ वस्तूला वाळीत टाकावे किंवा मखरात बसवावे, हा आपला जुना शिरस्ता. शंखांत क्वचित एखादा उलट्या वळणाचा निघतो. प्राणिशास्त्र त्याला डाव्या वळणाचा म्हणते, आणि आपण त्यालाच दक्षिणावर्ती म्हणून वाटेल ते मोल देऊन देव्हाऱ्यात ठेवतो. मात्र त्या वळणावरून आतल्या जिवाची अक्कल कोणी ठरवीत नाही. डावऱ्या मुलालाही तेवढाच न्याय मिळावा: शिक्षा नको, प्रतिभेची सनदही नको, परीक्षेच्या खुर्चीची लिहिण्याची फळी डावीकडे बसवून द्यावी, म्हणजे झाले.