शिंपले आता ताटातले

शिंपल्यांचा आरसा घरी करायचा तर शिंपले पुळणीवरून वेचून आणायचे, असं माझं सरळ गणित होतं. उन्हाळी सुट्टीत मुलांना हस्तकला शिकवताना मी ते बेधडक सांगायचे. फुकटचं सामान, नैसर्गिक, आणि वर समुद्रावर जायला निमित्त! गुहागर-आंजर्ल्याहून पिशव्या भरून आणलेल्या शिंपल्यांचे आरसे माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत आजही लावलेले आहेत. आता मात्र मी तसं शिकवत नाही. पालक कारण विचारतात, आणि दारात उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून हे लिहिते आहे.

माझं जुनं म्हणणं असं होतं : रिकामा शिंपला म्हणजे मेलेल्या जिवाचं टरफल. आपण उचललं नाही तरी ते फुटून त्याची वाळूच होणार. आपल्या मूठभरानं समुद्राचं काय जातं? हा युक्तिवाद मला अजूनही पार टाकाऊ वाटत नाही. एखाद्या पोरानं एक शिंपला खिशात घातला तर मी आजही त्याला ओरडणार नाही. पण आरशाच्या चौकटीला एक शिंपला पुरत नाही. ताटाएवढ्या आरशाभोवती दाट ओळी भरायच्या तर ते शेकड्यानं लागतात. शिवाय वेचताना आपण फुटके टाकून अख्खे, मोठे आणि देखणे तेवढेच घेतो. शंखांच्या बाबतीत तर नेमके तेच दुसऱ्या कुणाला हवे असतात. पाठीवर परका शंख घेऊन फिरणारा खेकडा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचं पोट मऊ असतं, त्यावर स्वतःचं टणक कवच नसतं. जसजसा तो वाढतो तसतसा त्याला आणखी मोठा, न फुटलेला शंख शोधावा लागतो. म्हणजे माझी निवड आणि त्याची निवड एकच.

‘मूठभरानं काय होतं’ याचं उत्तर मला स्पेनमधल्या एका अभ्यासात सापडलं. सालोउ गावाजवळच्या पुळणीवर संशोधकांनी 1978 ते 1981 या काळात शिंपले मोजले होते. 2008 ते 2010 मध्ये त्यांनी त्याच जागी पुन्हा मोजणी केली. मधल्या तीस वर्षांत पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले होते आणि शिंपले साठ टक्क्यांहून जास्त घटले होते. 2014 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिंपले उचलून नेणारे पर्यटक आणि किनारा साफ करणारी अवजड यंत्रं, अशा दोन्हींकडे संशोधकांनी बोट दाखवलं आहे. म्हणजे सगळा दोष हौशी मंडळींच्या माथी मारता येत नाही, पण आपण त्यातून सुटतही नाही.

मग वाटलं, शोभेचे मोठे शंख विकत आणावेत. तिथे कायदा आडवा येतो. नॉटिलस, काही महाकाय शिंपले आणि काही मोठे शंख 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. त्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. दुकानातल्या टोपलीत कुठला शंख कोणता, हे मला ओळखता येत नाही, मुलांना कुठून येणार?

खरं सांगायचं तर एवढं कळूनही माझं वेचणं लगेच थांबलं नाही. पर्याय हाताशी आला तेव्हा ते सुटलं, आणि तो पर्याय स्वयंपाकघरातच होता. तिसऱ्यांची एकशिपी करताना प्रत्येक तिसरीची एक शिंप आधीच काढून टाकतो, दुसरी जेवणानंतर ताटात उरते. शिनाण्या आणि कालवं यांची टरफलंही कचऱ्यातच जातात. पूर्वी कोकणात शिंपले भाजून चुना करत, त्यामुळे वापरलेल्या टरफलालाही किंमत होती. आज ती ओल्या कचऱ्याच्या डब्यात वास मारत पडतात.

ही टरफलं उकळून, जुन्या टूथब्रशनं घासून कडक उन्हात वाळवली की वास जातो. चकाकीसाठी लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबटात तो झिजतो. आरशाहून मोठं प्लायवूड कापून घ्यायचं, मधे आरसा, भोवती लहानापासून मोठ्याकडे शिंपा इपॉक्सीनं चिकटवायच्या. शिनाणीची आतली मोतिया बाजू वर ठेवली तर उजेड छान खेळतो. प्लायची कड सुंभ गुंडाळून झाकायची. मधेमधे पॉलिश पेपरनं घासून खोबरेल तेल चोळलेले करवंटीचे तुकडे बसवले की काळा-पांढरा मेळ जमतो. आरशाच्या पाठीला आंबट वासाचं सिलिकॉन लावू नका, त्यानं मागचा मुलामा खराब होऊन डाग पडतात. न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या. भिंतीच्या बाजूला खाली रबरी बटणं लावा, म्हणजे पावसाळ्यात मागे हवा खेळती राहील. शिंपांचं वजन बरंच होतं, म्हणून खिळ्यावर न टांगता ड्रिल करून प्लग आणि स्क्रू घाला.

आणखी एक दावा मी सोडून दिला आहे. पूर्वी मी या आरशाला ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणायचे. काच, प्लाय, इपॉक्सी आणि सिलिकॉन वापरून असं म्हणणं फुशारकीचंच. आता मी एवढंच सांगते की यातली सजावट घरच्या उष्ट्या-खरकट्यातून आली आहे.

हा आरसा जुन्याइतका दिमाखदार होत नाही. त्यात मोठे शंख नसतात, रंगही मोजकेच. माझा जुना आरसा मी काढलेला नाही, तो टाकून समुद्राला काही परत मिळणार नाही. पण नवा करणार असाल तर पुळणीवर मोकळ्या हातानं जा आणि मोकळ्या हातानं परत या. पुढच्या वेळी तिसऱ्या आणाल तेव्हा टरफलं तेवढी टाकू नका. आणि शाकाहारी असाल, तर सुंभ आणि करवंटीवरही आरसा उत्तम होतो.