देवस्थळचा पाऱ्याचा आरसा

हिमालयांत जाणारा मनुष्य बहुधा देवदर्शनासाठीं जातो. गेल्या चैत्रांत आमची मंडळीही काठगोदामपर्यंत आगगाडीनें आणि पुढें मोटारीनें घाट चढून नैनीतालास गेली. मुलेंबाळें सरोवरांत नौकाविहार करण्यांत रमलीं असतां मी पुतण्यास बरोबर घेऊन एक दिवस पूर्वेकडील देवस्थळास जाऊन आलों. नांव तीर्थाचें वाटतें. परंतु आम्ही गेलों तें तेथील वेधशाळा पाहण्यास.

बांजवृक्षांच्या रानांतून वळणें घेत वाट चढते. समुद्रसपाटीपासून सुमारें २,४५० मीटर उंचीवर हवा इतकी निर्मळ, कीं भरदिवसाही आकाश गडद निळें दिसावें. येथें ३.६ मीटर व्यासाची मोठी दुर्बीण आहे. पण मजला नवल वाटलें तें शेजारच्या दुर्बिणीचें. बेल्जियम, कॅनडा, भारत आदि देशांनीं मिळून ती उभारली असून २०२२ सालीं तिनें प्रथम आकाश पाहिलें. तिचा आरसा कांचेचा नाहीं, पाऱ्याचा आहे!

ताक घुसळतांना रवीभोंवतीं खळगा पडून ताक कडेला चढतें, हें प्रत्येक गृहिणीनें पाहिलें आहे. येथेंही तेंच तत्त्व आहे. चार मीटर व्यासाच्या परातींत पाऱ्याचा पातळ थर असतो. परात सुमारें आठ सेकंदांत एक फेरा घेते आणि पाऱ्याला आपोआप अंतर्वक्र आकार येतो. मात्र परात तिरपी केली तर पारा सांडेल. म्हणून ही दुर्बीण केवळ डोक्यावरचें आकाश पाहते. पृथ्वी फिरेल तसे तारे तिच्यासमोरून जातात आणि रोज रात्रीं आकाशाचा तोच पट्टा टिपला जातो.

अशा स्थिर नजरेचा उपयोग काय? क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रें. तेथील प्रचंड कृष्णविवराभोंवतीं फिरणारें द्रव्य तापून प्रकाशतें. अशा क्वेसारच्या आणि आपल्या मध्यें दुसरी दीर्घिका आली, तर ती त्याला झांकून टाकील असें वाटतें. पण घडतें उलट. तिच्या गुरुत्वाकर्षणानें प्रकाश वांकतो, दोन-चार वाटांनीं आपणांकडे येतो आणि अधिक उजळ होतो. आडवें आलेलेंच भिंग बनतें! असें दृश्य प्रथम १९७९ सालीं अमेरिकेंतील किट पीक येथें वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांनीं ओळखलें. सप्तर्षींच्या तारकासमूहांत, अंशाच्या सहाशेंव्या भागाइतक्या अंतरावर दोन ठिपके होते आणि दोहोंचा वर्णपट एकच होता. पुढें असेंही ठरलें, कीं एका वाटेचा प्रकाश दुसरीहून सुमारें ४१७ दिवस उशिरा पोहोंचतो.

क्वेसारचें तेज कमीअधिक होत असतें. म्हणून जवळजवळचे दोन ठिपके एकाच चालीनें, पण मागेंपुढें उजळूं लागले, कीं ते जुळे नसून एकाचींच दोन रूपें असावींत, असा तर्क करतां येतो. हजार क्वेसारांत असा जेमतेम एखादा. तो सांपडावा, हा देवस्थळच्या पाऱ्याचा एक उद्देश आहे.

हें ऐकतांना मीं मान खालीं घातली. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, विज्ञानाचे शिक्षक रजेवर असतां, माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराकडे त्यांचा तास आला होता. ‘प्रकाश सरळ रेषेंत जातो,’ असें मीं फळ्यावर लिहिलें. एक मुलगा उठून म्हणाला, “सर, सूर्याजवळून येतांना ताऱ्याचा प्रकाश वांकतो, असें मामांच्या पुस्तकांत आहे. खरें का?” मीं उत्तर दिलें, “आधीं आपलें पुस्तक वाच, मग मामांचें.” वर्ग हंसला. तो खालीं बसला आणि पुन्हा माझ्या तासाला त्यानें कधीं प्रश्न विचारला नाहीं. माझें वाक्य खोटें नव्हतें, अपुरें होतें. पण “मला ठाऊक नाहीं, उद्यां पाहून सांगतों,” एवढें म्हणण्याचें धैर्य मजजवळ नव्हतें.

तो आतां आमच्याच गांवीं औषधांचें दुकान चालवितो. भेटला कीं वांकून नमस्कार करतो. परततांना नैनीतालच्या टपालकचेरींतून त्यास एक कार्ड टाकलें: “चि. बाळ यास आशीर्वाद. प्रकाश वांकतो. तूं विचारलेंस तें खरें होतें. उत्तर फार उशिरां पोहोंचत आहे, क्षमा कर.”