पिवळी बस थांबली म्हणजे

‘देश तसा वेश’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो; परंतु वेश पालटणे सोपे, सवय पालटणे कठीण, हे समजावयास आम्हांस उतारवयात कॅनडास यावे लागले. बेळगावचे घर आवरून आम्ही उभयता ऑन्टारिओ प्रांतात मुलाकडे कायमचे राहावयास आलो, तेव्हा तीस वर्षे बिनचूक मोटार चालविल्याचा अभिमानही आमच्यासोबत आला होता.

येथे वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात. नव्याने स्थायिक होणाऱ्यास मायदेशीच्या परवान्यावर अवघे ६० दिवस मोटार चालविता येते. पुढे डोळ्यांची तपासणी व नियमांची परीक्षा देऊन शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्यावर एकट्याने गाडी चालविता येत नाही. निदान चार वर्षांचा अनुभव असलेला पूर्ण परवानाधारक शेजारी असावा लागतो. जुन्या अनुभवाचे कागद दाखविल्यास प्रतीक्षेचा काळ घटतो, परीक्षा मात्र चुकत नाही.

नियमांच्या परीक्षेत आम्ही सहज उत्तीर्ण झालो. चौरस्त्याच्या चारही बाजूंस ‘थांबा’ अशी पाटी असेल तर जो आधी येऊन थांबला तो आधी जाईल. दोघे एकाच वेळी आले तर उजवीकडच्यास वाट द्यावी. हे सारे आम्हांस मुखोद्गत होते. मुखोद्गत असणे निराळे आणि अंगवळणी पडणे निराळे, हे पुढे कळले.

एके दुपारी सूनबाई शेजारी बसली होती आणि नातू मागे, मुलांच्या आसनावर पट्टा बांधून. समोरून येणारी शाळेची पिवळी बस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस थांबली. तिचे लाल दिवे उघडमीट करीत होते. बस आपल्या बाजूस नाही, असे मनाशी म्हणून आम्ही गाडी हळूहळू पुढे काढू लागलो.

“बाबा, थांबा!” सूनबाई ओरडली.

आम्ही ब्रेक दाबला, तोच बसच्या पुढून एक चिमुरडी दप्तर सावरीत रस्ता ओलांडू लागली. तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. मोठी माणसे थांबणारच, असा तिचा भरवसा होता.

रस्त्यास दुभाजक नसेल तर लाल दिवे लागलेल्या शाळेच्या बसपुढे दोन्ही दिशांच्या वाहनांनी थांबलेच पाहिजे, आणि मागून येणाऱ्याने किमान २० मीटर अंतर राखले पाहिजे, असा येथील कायदा आहे. पहिल्याच अपराधास ४०० ते २,००० डॉलर दंड होऊ शकतो. आम्हांस दंड झाला नाही. पाहावयास पोलीस नव्हता. परंतु घरी आल्यावर नातवाने विचारले, “आजोबा, लाल दिवे दिसले नव्हते का?” दिवे दिसले होते, हेच तर आमचे दुखणे! आमची चूक झाली, असे आम्ही त्यास सरळ सांगितले.

व्हॅटिकनने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिली मनुष्यहत्येच्या निषेधाची आहे. देवाच्या पाचव्या आज्ञेविषयी आम्ही आजवर स्वतःस निर्दोष समजत होतो. त्या शनिवारी पापनिवेदनास गुडघे टेकले, तेव्हा प्रथमच त्या आज्ञेपाशी आम्हांस थांबावे लागले.

प्रिय वाचकहो, तुमची मुले परदेशी निघाली म्हणजे लोणच्यापापडाबरोबर आणि जपमाळेबरोबर एवढा उपदेशही बांधून द्या : तेथील नियम नुसते पाठ करू नका, त्यामागे कोणाचा जीव राखलेला आहे ते ओळखा. आणि आपल्या गावच्या शाळेपुढून जाताना वेग कमी करावयास तर परक्या देशाच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारणच नाही. तेथेही एखादे लेकरू आपल्यावर भरवसा ठेवूनच रस्ता ओलांडीत असते.