थर्मोकोलची खुडूक

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला 21 दिवस लागतात. हा काळ शाळेच्या एका महिन्यात बसतो, म्हणून सजीवांची वाढ शिकवायला अंडी उबवण्याचा प्रयोग सोयीचा आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत प्रस्तुत लेखिकेच्या सातवीच्या वर्गाने तो दिवाळीच्या सुट्टीनंतर केला.

दुकानातली अंडी या कामाची नसतात. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांत कोंबडा ठेवत नाहीत. ती अंडी फलित नसल्याने कितीही ऊब दिली तरी नुसती नासतात. या वर्गाला एका विद्यार्थिनीच्या घरून 15 गावठी अंडी मिळाली, सगळी आठवड्याच्या आतली. ती धुतली नाहीत, कारण कवचावरचा जंतूंना अडवणारा पातळ थर धुतल्याने निघून जातो. पेटीत ठेवायला मंगळवार निवडला. मंगळवारची अंडी साधारण मंगळवारीच फुटतात आणि बंद शाळेत पिल्ले निघायची वेळ सहसा येत नाही.

उबवणी पेटी ही खुडूक कोंबडीची नक्कल असते. थर्मोकोलच्या खोक्यात 40 वॅटचा बल्ब, थर्मोस्टॅट आणि हवा खेळती ठेवायला जुन्या संगणकातला पंखा बसवला. तापमान 37.5 अंश सेल्सिअस आणि वाटीभर पाण्याच्या जोरावर आर्द्रता 50 ते 55 टक्के राखली. कोंबडी चोचीने अंडी सरकवते, तेच काम मुलांनी दिवसातून तीनदा केले. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल. अंडे फिरवले नाही तर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. पाळ्या विषम ठेवतात, म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज एकाच बाजूवर जात नाही.

पेटी पाहायला आलेल्या एका आजीने विचारले, “आन् ही उठती कवा?” वर्ग हसला, पण प्रश्न नेमका होता. खुडूक कोंबडी रोज थोडा वेळ चारा-पाण्यासाठी उठतेच. तेवढ्या गारव्याने गर्भाचे काही बिघडत नाही. नवव्या दिवशी वीज गेली तेव्हा हे उत्तर उपयोगी पडले. पेटीवर गोधडी टाकली, झाकण उघडले नाही. चार तासांत तापमान 31 अंशांवर आले. अशा गारव्याने वाढ थोडी रेंगाळते. प्रमाणाबाहेरची उष्णता त्याहून घातक.

सातव्या दिवशी खोलीत अंधार करून अंडी पारखली होती. पुठ्ठ्याला भोक पाडून खाली मोबाईलचा टॉर्च धरला की फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या आणि मध्ये हलणारा ठिपका दिसतो. तीन अंडी स्वच्छ निघाली. एकात नुसते लाल कडे होते, म्हणजे गर्भ सुरुवातीलाच मेला होता. ॲरिस्टॉटलने अंडी दिवसागणिक फोडून तिसऱ्या दिवशी उसळणारा रक्तबिंदू नोंदवला होता, तो हृदयाचाच. आता त्यासाठी अंडे फोडावे लागत नाही.

अठराव्या दिवशी, शनिवारी, उरलेली 11 अंडी फिरवणे थांबवले आणि पाण्याची दुसरी वाटी ठेवून आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर नेली. या टप्प्यावर पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाच्या वायुकोषात चोच घालून पहिला श्वास घेते. मग चोचीच्या टोकावरच्या टणक उंचवट्याने कवच टिचवते आणि तासन् तास थांबते. हे थांबणे आळसाचे नसते. त्या अवधीत पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतले रक्त अंगात ओढले जाते आणि उरलेला पिवळा बलक पोटात जातो. म्हणून घाईने कवच सोलणारी मदत बहुधा जीवावर बेतते.

सोमवारी दुपारी पहिली टीच दिसली, चिवचिव तर त्याआधीच ऐकू येत होती. येथे चूक लेखिकेकडून झाली. वर्गाला नीट दिसावे म्हणून झाकण दोनदा उघडले गेले, ओलावा उतरला आणि एका टिचलेल्या अंड्यातला पडदा वाळून पिल्लाभोवती चिकटला. ते बाहेर आलेच नाही. काचेची खिडकी नसलेली पेटी वर्गात वापरू नये, हे त्या अंड्याने शिकवले. मंगळवार संध्याकाळपर्यंत 8 पिल्ले निघाली. दोन अंडी टिचलीच नाहीत.

पोटातल्या बलकावर पिल्लू दोनेक दिवस काढू शकते, त्यामुळे अंग सुकेपर्यंत ती पेटीतच राहिली. नंतर खोक्यात भाताचे तूस, वर बल्ब आणि पहिला आठवडा 35 अंशांच्या आसपास ऊब. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पहिल्या आठवड्यातच राणीखेत रोगाची लस दिली. पिल्ले कुठे जाणार हे अंडी आणण्याआधीच ठरवावे लागते, नाहीतर महिन्याभरात वर्गाचे खुराडे होते. येथे ती अंडी देणाऱ्या घरीच परत गेली. दीड-दोन महिन्यांत तुरे वाढले, तेव्हा आठांपैकी पाच कोंबडे निघाले.