हाताचे मोल

छंद आणि व्यवसाय यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. तो कौशल्याचा नव्हे, किंमत सांगण्याचा. हस्तकलेत रमणारी कितीतरी माणसे तेथेच थबकतात. वस्तू उत्तम साधते. तिचे मोल मात्र तोंडातून बाहेर पडत नाही.

आपल्या वसतिगृहात वर्षाअखेरीस जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून त्यांची कच्ची वही शिवण्याची रीत होती. दाभण, मेण लावलेला दोरा आणि मैद्याची खळ एवढ्या साहित्यावर माझा हात बसला. पुढे शहरात नोकरी करीत असताना सुट्टीच्या दिवशी एका बाइंडिंगच्या दुकानात बसून मी जुजबंदी शिकलो. ताव तीनदा दुमडला की सोळा पृष्ठांचा एक फॉर्म होतो. कागदाच्या तंतूंची दिशा पाठीला समांतर असेल, तरच वही सपाट उघडते. खळीत चिमूटभर मोरचूद घातले की कसर लागत नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेतील सुती चिंध्यांच्या लगद्याचा ताव पहिल्यांदा हाती आला, तेव्हा हेच काम आयुष्यभर करावे असे वाटले.

बाबांना हा विचार रुचला नाही. “एवढे शिकून पुन्हा हातकामच?” त्यांनी विचारले. त्या प्रश्नामागे इतिहास होता. आमच्या आजोबांनी गावकी केली. वेळी-अवेळी हाक यायची, आणि मोबदला किती हे देणाराच ठरवायचा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. पण हाताने काम करणे म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर जगणे, ही धास्ती घरात राहिली. बाबांच्या लेखी लेखणी हीच सुटका होती, आणि त्यांच्या काळापुरते ते खरेच होते.

मी वाद घातला नाही. १९२ पृष्ठांच्या एका वहीचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवला. कागद, पुठ्ठा, कापड व दोरा १२० रुपये; जागाभाडे, वीज आणि हत्यारांची झीज ३० रुपये; अडीच तासांची मजुरी, तासाला १०० रुपयांप्रमाणे, २५० रुपये. एकूण ४०० रुपये.

बाबांनी आकड्यांवरून बोट फिरवले. “मजुरीचा आकडा कोणी ठरवला?”

“मी.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पावतीपुस्तक छापून घे.”

त्या दिवशी माझा छंद व्यवसाय झाला. “आपलाच माणूस” म्हणून फुकट काम मागणारे पुढेही भेटले. त्यांना मी आदराने बसवतो, चहा देतो आणि तोच हिशेब दाखवतो. बहुतेकांना तो पटतो.

आज माझ्याकडे दोन तरुण मुली काम करतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना टाका शिकवतो आणि दुसऱ्या आठवड्यात दर काढायला. पालकांनी मुलांच्या हातातील कला जरूर जोपासावी. पण त्याबरोबर त्यांना तासांची नोंद ठेवायलाही शिकवावे. संकोचाने कमी सांगितलेला दर पुढे तोच खरा ठरतो, आणि तो आपल्यामागून येणाऱ्या कारागिरालाही भोवतो.