मोठेपणीही मेंदू ऐकतो!

सध्या भेटेल त्याला मी एडिंबरा विद्यापीठातल्या उंदरांची गोष्ट सांगत सुटलोय. आता पाळी तुमची!

रेट सिंड्रोम हा बहुतांशी मुलींना होणारा आजार. बाळ सुरुवातीला छान वाढतं, मग हळूहळू शब्द हरवतात, हात कामाचे राहत नाहीत, श्वासाची लय बिघडते. मूळ दोष एमईसीपी-२ या जनुकात, हे १९९९ मध्ये हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं.

एडिंबरातल्या एड्रियन बर्ड यांच्या गटानं उंदरांमध्ये हे जनुक जन्मापासूनच बंद ठेवलं, पण औषधानं उघडता येईल अशा बेतानं. उंदीर मोठे झाले, थरथरू लागले, चाल अडखळली. मग त्यांना टॅमॉक्सिफेन दिलं. हो, स्तनाच्या कर्करोगावरचंच! जनुक एकदम सुरू झालं तेव्हा काही उंदीर दगावले. बेताबेतानं सुरू केलं तेव्हा मरणपंथाला लागलेले उंदीर हिंडू-फिरू लागले. पूर्ण वाढलेल्या माद्यासुद्धा सुधारल्या. चेतापेशींमधले जोड बळकट होण्याची क्षमता, म्हणजे शिकण्याचा पायाच, परत आली! हा निबंध २००७ चा, आणि मला तो आत्ता सापडावा?

हे घडलं कसं? रेटमध्ये चेतापेशी मरत नाहीत, त्यांचं काम अडतं. लहानपण सरलं की मेंदू घडवण्याची वेळ टळली, असंच आजवर मनात बसलेलं. इथे मेंदू वाट पाहत होता!

मग मी फ्रॅजाइल एक्स या दुसऱ्या जनुकीय आजाराकडे वळलो. तिथे एक प्रथिन नसल्यामुळे एमग्लूआर-५ या रिसेप्टरच्या हुकमावर आवर राहत नाही, आणि चेतापेशींच्या जोडांपाशी प्रथिनं वारेमाप बनतात. २०१२ मध्ये तरुण, वाढलेल्या उंदरांचा हा रिसेप्टर औषधानं दाबला, तर कितीतरी दोष मागे हटले!

माणसांत मात्र याच रिसेप्टरवरचं मॅव्होग्लुरंट हे औषध चाचण्यांत अपयशी ठरलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. तरी २०२३ मध्ये अमेरिकेत रेटवरच्या पहिल्या औषधाला, ट्रोफिनेटाइडला, परवानगी मिळाली. ते रोग मुळापासून बरा करत नाही, लक्षणं काहीशी कमी करतं. पण परवानगी दोन वर्षांपुढच्या सर्वांसाठी आहे, प्रौढांसाठीसुद्धा.

म्हणून एकच विनंती: अशा आजाराच्या मोठ्या मुलीच्या आईबापांना "आता काय उपयोग?" असं कृपा करून म्हणू नका. त्या वाक्याला आता विज्ञानाचा आधार उरलेला नाही.